चार ओहमचे स्पीकर जुन्या अँपला झेपतील का?

एका वाचकांच्या पत्राचा सारांश असा: त्यांच्याकडे वडिलांनी वापरलेला स्टीरिओ अँप्लिफायर आहे. ८ ओहमला दर चॅनेल ६० वॅट, आणि मागच्या पाटीवर ‘६ ते १६ ओहम’ असं छापलेलं. वडील गेल्यानंतरही तो रोज चालू असतो. अलीकडे मुलीने त्यांना जमिनीवर उभे राहणारे मोठे स्पीकर भेट दिले. आवाज ऐकून ते हरखून गेले, पण स्पीकरच्या मागे ‘४ ओहम’ लिहिलेलं दिसलं आणि काळजी सुरू झाली. एक मित्र म्हणतो, अँप जळेल. दुसरा म्हणतो, प्रत्येक स्पीकरला ४ ओहमचा रेझिस्टर सिरीजमध्ये लाव, म्हणजे आठ होतील. तिसरा म्हणतो, सरळ २०० वॅटचा अँप घे. जुने ८ ओहमचे स्पीकर ‘बी’ टर्मिनलला जोडून आतल्या खोलीत ठेवायचाही त्यांचा विचार आहे. एका संध्याकाळी घरात बरीच माणसं असताना त्यांनी आवाज खूप वाढवला आणि अँप टक् आवाज करून गप्प झाला. थोड्या वेळाने आपोआप सुरू झाला, पण तेव्हापासून त्यांनी ते स्पीकर वाजवलेले नाहीत. ‘मुलीला स्पीकर परत करायला सांगू, की वडिलांचा अँप बाजूला ठेवू?’ असं ते विचारतात.

सप्रेम नमस्कार,

तुम्ही दोनच वाटा समोर ठेवल्या आहेत आणि दोन्हींमध्ये कुणाची तरी आठवण किंवा माया दुखावते. माझ्या मते इतक्यात यातली एकही वाट धरायची गरज नाही. मुलीची निवड चुकलेली नाही. मोठ्या, दोन वूफरच्या स्पीकरमध्ये ४ ओहम ही अगदी सर्रास आढळणारी गोष्ट आहे. दोन वूफर (खर्जाचे मोठे ड्रायव्हर) समांतर जोडले की इम्पीडन्स, म्हणजे करंटला होणारा ओहममध्ये मोजला जाणारा अडथळा, निम्मा होतो आणि तेवढ्याच व्होल्टेजला आवाज जास्त मिळतो, म्हणून बनवणारे मुद्दाम तसं करतात. तुमच्या अँपने तुम्हाला एकदाच इशारा दिला, तोही आवाज खूप वाढवल्यावर. त्या इशाऱ्याचा अर्थ आधी नीट लावू.

तुमच्या तिन्ही मित्रांच्या सल्ल्यामागे एकच समजूत आहे: स्पीकरचा आकडा आणि अँपचा आकडा जुळला पाहिजे. मला ही समजूतच तपासावीशी वाटते. स्पीकरचा ‘४ ओहम’ हा त्याचा एकमेव इम्पीडन्स नसतो. वारंवारिता बदलली की इम्पीडन्स बदलतो. पोर्ट (पेटीला हवेसाठी ठेवलेलं भोक) असलेल्या स्पीकरला खर्जात दोन उंचवटे असतात, तिथे तो २० ओहमच्याही वर जाऊ शकतो. त्या दोहोंच्या मध्ये, आणि मग पुन्हा साधारण १५० ते ३०० हर्ट्झच्या पट्ट्यात, तो खाली येतो. क्रॉसओव्हरच्या, म्हणजे जिथे वूफर थांबून वरच्या पट्टीचा ड्रायव्हर काम हाती घेतो त्या वारंवारितेच्या, आसपास परत चढतो. पाटीवरचा आकडा म्हणजे या सगळ्या चढउताराला दिलेलं एक नाव. आयईसी ६०२६८-५ हे आंतरराष्ट्रीय मानक सांगतं की किमान इम्पीडन्स या नावाच्या ८० टक्क्यांखाली जाऊ नये. म्हणजे ‘४ ओहम’चा स्पीकर ३.२ च्या खाली नको, ‘६’चा ४.८ च्या, ‘८’चा ६.४ च्या. पण सगळे हे पाळत नाहीत. ‘८ ओहम’ म्हणून विकले जाणारे आणि खर्जात ४ च्या आसपास उतरणारे स्पीकर मुबलक आहेत. तेव्हा तुमचे प्रामाणिक ‘४’ हे एखाद्या अप्रामाणिक ‘८’पेक्षा अँपला फारसे जड नसतीलही. मॉडेलचं स्वतंत्रपणे मोजलेलं परीक्षण मिळालं तर त्यातला इम्पीडन्सचा आलेख बघा आणि दोनच गोष्टी शोधा: सर्वांत खालचा बिंदू किती आहे, आणि तिथे फेजचा कोन, म्हणजे करंट व्होल्टेजच्या किती मागे-पुढे चालतो ते, किती मोठा आहे. खालचा बिंदू ३.५ आणि कोन लहान असेल तर काळजी कमी. इम्पीडन्स ४ च्या आसपास आणि कोन ४५ अंश किंवा त्याहून जास्त, हे दोन्ही एकाच ठिकाणी आले तर अँपला ते साध्या ४ ओहमपेक्षा बरंच अवघड जातं. कारण तेव्हा करंट आणि व्होल्टेज एकाच क्षणी शिखरावर नसतात आणि ट्रान्झिस्टरला भरपूर व्होल्टेज अंगावर घेऊन भरपूर करंट वाहावा लागतो.

आता अँपकडे येऊ. ट्रान्झिस्टरचा अँप स्पीकरला वॅट ‘पाठवत’ नाही. तो व्होल्टेज देतो. करंट किती वाहायचा ते स्पीकर ठरवतो. ८ ओहमला ६० वॅट म्हणजे सुमारे २२ व्होल्ट आणि पावणेतीन अँपिअर. तेच २२ व्होल्ट ४ ओहमवर दिले तर साडेपाच अँपिअर आणि १२० वॅट. तुमच्या अँपने त्या संध्याकाळी जे नाकारलं ते बहुधा हेच, किंवा याच्या जवळपासचं काहीतरी. पण तुम्ही रोज ऐकता तेव्हा २२ व्होल्ट जातात का? मुळीच नाही. समजा तुमच्या स्पीकरची संवेदनशीलता २.८३ व्होल्टला एक मीटरवर ८८ डेसिबल आहे. असे दोन स्पीकर, तुम्ही तीनेक मीटर लांब बसलेले: घरात गप्पा मारता येतील अशा, ७५ डेसिबलच्या सरासरीला फार तर एक व्होल्ट लागतो. संगीतातली शिखरं सरासरीहून १५ डेसिबल वर गेली तरी पाच-सहा व्होल्ट. ४ ओहमवर त्याचा करंट होतो दीड अँपिअर. तुमचा अँप पाटीवरच पावणेतीन अँपिअरची हमी देऊन बसलेला आहे.

इथवर वाचून ‘मग प्रश्नच नाही’ असं कुणी म्हणेल. प्रश्न आहे, आणि तो उष्णतेचा आहे. याबद्दल फार कमी बोललं जातं, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. अँपच्या आत पॉवर सप्लायचं व्होल्टेज ठरलेलं असतं. त्यातलं जेवढं स्पीकरपर्यंत पोहोचत नाही तेवढं आउटपुट ट्रान्झिस्टरवर पडतं आणि करंटशी गुणलं जाऊन उष्णता होतं. करंट तेवढाच ठेवून ८ च्या जागी ४ ओहम लावले, तर स्पीकरला मिळणारी ताकद निम्मी होते, पण सप्लायकडून घेतलेली तेवढीच राहते. उरलेला फरक हीटसिंकमध्ये, म्हणजे ट्रान्झिस्टर थंड ठेवणाऱ्या धातूच्या पंख्यांमध्ये, जातो. तुमच्यासारख्या एबी वर्गाच्या (म्हणजे नेहमीच्या रचनेच्या) अँपचं गणित मांडलं तर पूर्ण ताकदीजवळ ही उष्णता दुपटीच्या घरात जाते. ‘६ ते १६ ओहम’ ही पाटी मुख्यतः या तापाबद्दल आहे. बनवणाऱ्याला हमी द्यायची असते की अँप तासन्‌तास जोरात चालला तरी आतलं तापमान मर्यादेत राहील. हलक्या आवाजाला ४ ओहम लावल्याबरोबर काही जळत नाही. मोठ्या आवाजाला, बंद कपाटात, तासभर लावलं तर मात्र ती मर्यादा येते. तुमचा अँप थोड्या वेळाने आपोआप सुरू झाला, यावरून तापमानाचा बचाव काम करत होता असं मला वाटतं. करंटचा बचाव बहुधा आवाज वाढवताक्षणी, एखाद्या जोरदार ठोक्यालाच सुटतो. बचाव यांतला कुठलाही असो, अँपने स्वतःला वाचवलं, हे चांगलंच आहे. फक्त ती पाळी पुन्हा पुन्हा आणू नये.

म्हणून पहिलं काम मोजण्याचं. साधा मल्टिमीटर पुरतो. तुम्ही कधीही ऐकाल तेवढा जास्तीत जास्त आवाज नेहमीच्या गाण्यावर लावा आणि नॉब तिथेच ठेवा. टोन आणि लाउडनेस (हलक्या आवाजात खर्ज वाढवणारं बटण) बंद. अँप बंद करून स्पीकरच्या तारा काढा. आता ६० हर्ट्झचा, पूर्ण पातळीपेक्षा १२ डेसिबल खाली रेकॉर्ड केलेला टेस्ट टोन, त्याच उपकरणावरून वाजवा आणि स्पीकर टर्मिनलवर एसी व्होल्ट मोजा. टोक एकमेकांना लागू देऊ नका. आलेल्या आकड्याला चारने गुणा: तेवढं व्होल्टेज तुमच्या सर्वांत मोठ्या शिखराला लागतं. मीटरने ३ व्होल्ट दाखवले तर गरज १२ व्होल्टची, म्हणजे ४ ओहमवर ३ अँपिअर आणि ३६ वॅट. मीटरने दीड व्होल्ट दाखवला तर गरज फक्त ९ वॅटची, आणि तुमच्या वडिलांचा अँप हे काम आरामात करेल. (व्हॉल्व्हचा अँप असलेल्या वाचकांनी हा प्रयोग अशा रीतीने करू नये. स्पीकर न जोडता व्हॉल्व्ह अँप चालवला तर त्याच्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरला धोका असतो. त्यांच्याकडे मागे ४ ओहमचा वेगळा टॅप बहुतेकदा असतोच. स्पीकर तिथे जोडावा.)

तारा काढलेल्या आहेतच तर आणखी एक मोजमाप करा. काहीही न वाजवता, नॉब शून्यावर ठेवून, टर्मिनलवर डीसी मिलिव्होल्ट बघा. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर ठीक. बरंच जास्त असेल तर नव्या स्पीकरला तो अँप जोडू नका; आधी जाणत्या तंत्रज्ञाकडे न्या. जुन्या अँपमध्ये कपॅसिटर सुकतात, ट्रान्झिस्टर आणि हीटसिंकमधली पेस्ट वाळून उष्णता नीट पुढे जात नाही, बायस (ट्रान्झिस्टरमधून कायम वाहणारा थोडासा करंट) सरकतो, रिलेचे काँटॅक्ट काळे पडतात. खरं सांगायचं तर तुमच्या अँपच्या बाबतीत मला ४ ओहमपेक्षा त्याच्या वयाची जास्त काळजी वाटते. एकदा उघडून धूळ काढून, पेस्ट बदलून, बायस तपासून घेतला तर हा पैसा नव्या अँपवर घालवलेल्या पैशापेक्षा जास्त सत्कारणी लागेल.

मित्रांच्या सल्ल्यांपैकी रेझिस्टरचा सल्ला कृपा करून मानू नका. आकडा ८ होतो हे खरं, पण ताकदीचा जवळपास निम्मा भाग त्या रेझिस्टरमध्ये तापून जातो. त्याहून वाईट म्हणजे स्पीकरचा स्वभाव बदलतो. जिथे इम्पीडन्स ४ आहे तिथे आवाज ६ डेसिबलने खाली येतो. जिथे तो २० आहे, म्हणजे खर्जाच्या त्या उंचवट्यावर, तिथे फक्त दीड डेसिबलने. म्हणजे खर्जाच्या एका पट्ट्यात साडेचार डेसिबलचा फुगवटा, आणि वूफरवरची अँपची पकडही सैल. मुलीने ज्या आवाजासाठी हे स्पीकर निवडले असतील तो आवाजच राहत नाही.

‘बी’ टर्मिनलचा तुमचा विचार मात्र खरोखर धोक्याचा आहे, आणि तो तुम्ही पत्रात अगदी सहज, जाता जाता लिहिला आहे म्हणून मी थांबलो. बहुतेक अँपमध्ये ‘ए’ आणि ‘बी’ एकदम चालू केले की दोन्ही जोड्या समांतर येतात. ४ आणि ८ समांतर म्हणजे २.७ ओहम, तेही नाममात्र. प्रत्यक्षात खर्जात त्याहून खाली. कित्येक अँपच्या पाठीवर स्पष्ट लिहिलेलं असतं की एकच जोडी असेल तर ४ ओहमपासून पुढे चालेल, दोन्ही एकदम असतील तर प्रत्येक जोडी किमान ८ ओहमची हवी. तुमच्या पाटीवर एका जोडीसाठीच ६ लिहिलं आहे. दुसऱ्या खोलीत गाणी हवीच असतील तर ‘ए’ बंद करून ‘बी’ लावा, कधीही दोन्ही नाही. त्या खोलीसाठी छोटा स्वतंत्र अँप घेतलात तर तुमच्या हातून चुकून दोन्ही बटणं दाबली जाण्याची भीतीही उरणार नाही.

लाउडनेसचं बटण आणि बासचा नॉब यांच्याबद्दल. इम्पीडन्स कमी असलेल्या स्पीकरवर अँप थकतो तो बहुतेकदा यांच्यामुळे. बास ६ डेसिबल वाढवला की त्या पट्ट्यात चौपट ताकद लागते, १० डेसिबल वाढवला की दहापट. नॉब ‘अर्ध्यावरच तर आहे’ यावर विसंबू नका. आजच्या उपकरणांचं आउटपुट जोरदार असतं आणि अर्ध्याच्या अलीकडेच अँप त्याच्या कमाल व्होल्टेजला पोहोचू शकतो. तिथे तो आवाजाच्या लाटेची टोकं कापू लागला की आवाज कर्कश होतो आणि ट्वीटरकडे (वरच्या पट्टीच्या छोट्या ड्रायव्हरकडे) जास्तीची ताकद जाते. कर्कश वाटलं त्या क्षणी खाली करा.

बाकी व्यवस्था सोपी आहे. अँपच्या वर किमान वीतभर जागा मोकळी, कपाटात नाही, डोक्यावर दुसरं उपकरण नाही. तासाभराने झाकणावर हात ठेवा. पाच सेकंद ठेववत नसेल तर तो जास्त तापतोय. तार जाड घ्या. पाच मीटर अंतराला अर्ध्या चौरस मिलिमीटरची तांब्याची तार जाऊन-येऊन साधारण ०.३४ ओहम होते, जी ४ ओहमच्या आठ टक्क्यांहून जास्त आहे. अडीच चौरस मिलिमीटरची तार तेवढ्याच अंतराला ०.०७ ओहम. जाडीच्या पलीकडे तारेवर जास्त खर्च करू नका. टोकाला तारेचा एकही सुटा धागा शेजारच्या टर्मिनलला लागता कामा नये, कारण शून्य ओहम कुठल्याच अँपला झेपत नाही.

ज्यांच्याकडे होम थिएटरचे रिसीव्हर आहेत त्यांच्यासाठी दोन शब्द. मागे किंवा मेनूत बऱ्याचदा ४ किंवा ६ ओहमचा स्विच असतो. बऱ्याच रिसीव्हरमध्ये तो पॉवर सप्लायचं व्होल्टेज कमी करतो. त्यामुळे ताप कमी होतो, आणि कमाल ताकदही. हलक्या आवाजाला काही फरक पडत नाही, मोठ्या आवाजाला अँप लवकर कापू लागतो. म्हणून हवा खेळती असेल आणि तुमचं ऐकणं मवाळ असेल तर ८ वर ठेवूनही लोक वर्षानुवर्षं वाजवतात. पण बनवणाऱ्याने ४ ओहमसाठी तो स्विच बदलायला सांगितला असेल आणि वॉरंटी चालू असेल, तर त्याचं ऐका. त्याहून मोठा फायदा सबवूफरचा. मेनूत पुढचे स्पीकर ‘स्मॉल’ करून ८० हर्ट्झखालचा आवाज स्वतःचा अँप असलेल्या सबवूफरकडे दिला की रिसीव्हरवरचा सर्वांत जड भाग उतरतो. तुमच्या स्टीरिओ अँपला ही सोय नसावी, पण प्री-आउट आणि मेन-इन (आवाज नियंत्रणाचा भाग आणि ताकदीचा भाग वेगळे करू देणारी) अशी टर्मिनलं मागे असतील तर ती मला नक्की कळवा. त्यातून पुष्कळ वाटा निघतात. वडिलांचा अँप प्री म्हणून तसाच समोर राहील आणि जड काम वेगळा पॉवर अँप करेल.

आता, मोजमापात गरज खरोखरच ४० वॅटच्या वर निघाली तर? मग नव्या अँपचा विचार योग्य आहे, पण ‘२०० वॅट’ हा आकडा बघून नव्हे. ताकद दुप्पट झाली की आवाज फक्त ३ डेसिबल वाढतो. दुप्पट मोठा भासायला दहापट ताकद लागते. सपाट रस्त्यावरच्या वेगावरून गाडीचा चढावरचा दम कळत नाही, तसा ८ ओहमच्या वॅटवरून ४ ओहमचा कळत नाही. तेव्हा दोन्ही आकडे मागा, आणि ते सारख्याच अटींवर दिलेले हवेत: दोन्ही चॅनेल एकदम, २० ते २०,००० हर्ट्झ, विकृती (डिस्टॉर्शन) ०.१ टक्क्याच्या आत. ८ ओहमला ६० आणि ४ ओहमला १००, असा अँप तुमच्या स्पीकरना ‘६ ओहम, १ किलोहर्ट्झ, १० टक्के विकृती, एक चॅनेल, १५० वॅट’ असं लिहिलेल्या अँपपेक्षा कितीतरी चांगला चालवेल. दुसऱ्या प्रकारच्या पाटीवर ४ ओहमचा उल्लेखच नसेल तर तो पुढच्या दुकानात जाण्याचा इशारा समजा. डी वर्गाचे (वेगाने चालू-बंद होणाऱ्या ट्रान्झिस्टरचे) छोटे अँप बहुतेकदा ४ ओहमही चालवतात आणि कमी तापतात. फक्त त्यांच्या सोबतचा अडॅप्टर किती अँपिअरचा आहे ते तपासा, आणि त्यांच्या दोन चॅनेलच्या ऋण टर्मिनलना एकत्र जोडू नका. त्यातल्या बऱ्याच अँपमध्ये ती टर्मिनलंही ‘जिवंत’ असतात, म्हणजे त्यांवरही आवाजाचं व्होल्टेज असतं. ‘ब्रिज’ करून, म्हणजे दोन चॅनेल एकाच स्पीकरला जोडून, ताकद वाढवायचा मोह ४ ओहमवर टाळा: ब्रिजमध्ये अँपच्या प्रत्येक अर्ध्याला स्पीकर निम्म्या इम्पीडन्सचा दिसतो, म्हणजे २ ओहम.

तुमच्या बाबतीत माझा अंदाज असा आहे की मीटर दीड ते अडीच व्होल्टच्या मध्ये कुठेतरी थांबेल आणि तुम्हाला काहीच विकत घ्यावं लागणार नाही. मुलीला स्पीकर परत करायला सांगू नका. उलट मोजमापाच्या दिवशी तिला सोबत घ्या. नॉबवर एक हात आणि मीटरवर दुसरा, हे काम दोघांनी केलेलं सोपं जातं. आणि माणसं जमतील त्या संध्याकाळी मोजून ठरवलेल्या जागेच्या पुढे नॉब जाऊ नये म्हणून तिथे रंगाचा किंवा चिकटपट्टीचा एक ठिपका लावून ठेवा.